लालजींच्या आधी पाणी

उमरेठ, ९ नोव्हेंबर १९९७

सरयूबेन,

जय श्रीकृष्ण. नवं वर्ष तुम्हा सगळ्यांना सुखाचं जावो. अन्नकूट पार पडला. ठोर आणि मठडीचा प्रसाद समोरच्या धनुबेनच्या जावयाबरोबर पाठवला आहे, त्याचं भावनगरला काम होतं. ठोर यंदा कडक झालेत. दोष पाकाचा नाही, माझा. पाकाजवळून दोनदा उठावं लागलं.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर पुन्हा उठेन आणि राहून जाईल. मला लालजींची सेवा होत नाही. बांनी जाताना देवघरातले हे बाळकृष्ण माझ्या ओटीत घातले, पण तुम्ही त्यांच्या पोटची मुलगी, तेव्हा पहिला हक्क तुमचा. घेऊन जाणार असाल तर या. जमणार नसेल तर तसं लिहा, मी त्यांना हवेलीच्या मंदिरात देऊन टाकते. तिथले पुजारी, गिरिधर मुखियाजी, यांच्याशी बोलले आहे. ते म्हणाले, वसंतपंचमीला आणा, दिवस चांगला आहे.

कारण विचाराल. वय झालं. गुडघे. थायरॉईडचं तुम्हाला ठाऊकच आहे. जशवंत डॉक्टर दर खेपेला गोळी वाढवतात आणि दर खेपेला मी आणखी फुगते. सगळी गल्ली पंख्याखाली बसते तेव्हा मी शाल घेऊन असते. आवाज असा बसलाय की कीर्तन म्हणायला गेले तर लालजी दचकतील.

हे धनुबेनच्या फोनवरून बोलण्यासारखं नाही. त्या फोनला आपल्याआधी तिचेच कान लागतात. म्हणून लिहिलं. लवकर उत्तर द्या.

निरंजना


भावनगर, १७ नोव्हेंबर १९९७

भाभी,

जय श्रीकृष्ण. ठोर पोचले. कडक आहेत हे खरं. आमच्या जागृतीने एक खलबत्त्यात घातला आणि मग माझ्या पुढ्यात ठेवला. सूनबाईची चेष्टा सहन केली, तुमचं पत्र सहन होत नाही.

गुडघे म्हणे! बांचे गुडघे काय लोण्याचे होते? शेवटी शेवटी बसून सरकत सरकत झारी भरायच्या, पण लालजींना कधी तहानलेलं ठेवलं नाही. खरं काय ते सांगा. रोनक नैरोबीला बोलावतोय ना? जायचं असेल तर जा की. मुलाकडे जायला कोण नको म्हणतंय? पण त्यासाठी लालजींना वाटेला लावायचं आणि वर मलाच विचारायचं, हे काय?

धनुबेनचा जावई बोलून गेला, की भाभींच्या दाराची कडी हल्ली उन्हं आल्यावर निघते. म्हणजे लालजी उपाशी आणि तुम्ही रजईत.

माझ्या घरचं तुम्ही जाणता. न्हाऊन, धुतलेलं वस्त्र नेसून, कोणाला न शिवता अपरसात कोण राहणार इथे? आमच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीला टेकून कांदा बसलेला असतो. मी तरी कोणाकोणाच्या मागे फिरू?

आणि हवेली! तिथे घराघरांतून दिलेले ठाकोरजी बाजूच्या फळीवर ओळीने बसवतात, मी पाहिलंय. कोणाला दूध कोमट लागतं, कोण उशिरा उठतं, कोण बघतंय? आपल्या घरातलं लेकरू वसतिगृहात धाडल्यासारखं आहे ते. मी हो म्हणणार नाही.

स्वतः येऊन तुमच्याशी भांडले असते. पण मला बस झेपत नाही. कंबर धरते.

सरयू


उमरेठ, १ डिसेंबर १९९७

सरयूबेन,

जय श्रीकृष्ण.

रजईत नसते मी. दाराची कडी निघत नाही तेव्हा मी न्हाणीत असते.

आणि तुमच्या कमरेचं नवलच आहे. तुमच्या सख्ख्या भाईंच्या वरसीला, वर्षश्राद्धाला तुम्ही आला नाहीत. सगळी जात जेवायला बसली आणि जो तो मला विचारतोय, सरयू कुठाय? मी सांगितलं, ताप आहे. त्यानंतर दरवर्षी तेच सांगते. तुमचा तो ताप अजून उतरला नाही म्हणायचा.

असो. भांडायला पत्र घेतलं नव्हतं. कोणाच्याही हाती जावोत, लालजींच्या सवयी ठाऊक असलेल्या बऱ्या, म्हणून लिहिते.

त्यांना घंटा वाजवून उठवायचं नाही, हळू टाळी द्यायची. थंडीत पांघरूण एकदम ओढायचं नाही, आधी पायांकडून. दूध कोमट, केशर आणि खडीसाखर घालून, वर बोटभर लोणी. ते धरलं की आपण पाठ करून बसायचं, कोणी टक लावून बघितलं तर जेवत नाहीत. मग ते प्रसादी दूध मी घेते, माझी थायरॉईडची गोळीही त्याच्याबरोबरच. त्यांच्या आधी माझ्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही, हे बांच्या मुलीला सांगायला नको.

पण हे सगळं झारी भरल्यानंतरचं. आणि माझं बिघडतं ते झारीपाशी. न्हाऊन येते, भरलेली झारी उचलते, कुठे खोकला येतो, कुठे उंबऱ्याला पाय अडतो, आणि मला पुन्हा न्हाणीत जावं लागतं. पुन्हा अंघोळ, पुन्हा कोरडं वस्त्र. पुन्हा झारी. कधीकधी तिसऱ्यांदाही. मला आधीच थंडी बाधते, दात वाजत असतात. तोवर उन्हं येतात आणि धनुबेन कडीकडे बघत बसते.

संध्याकाळपासून पाणी पिणं सोडलं. दिवसाही घोटघोट. तरी फरक नाही.

याहून जास्त लिहिणार नाही. बाईमाणूस आहात, समजलं तर समजा.

निरंजना


भावनगर, ९ डिसेंबर १९९७

भाभी,

दार लावून लिहिते आहे.

लघवी थांबत नाही, असंच ना? लिहिलं बघा. कागद काही पेटला नाही.

आता माझं ऐका. भाईंच्या वरसीला मी निघाले होते. सकाळच्या बसने, नवी सुरती साडी नेसून. वटामण चोकडीच्या नाक्याच्या जरा अलीकडे बस खड्ड्यात आदळली आणि मी बसल्या जागी भिजले. थोडं नाही, सगळं. शेजारी एक म्हातारा होता, तो बिचारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, बेन, तुमची पाण्याची बाटली सांडली वाटतं. माझ्याजवळ बाटली नव्हती. मी चोकडीला उतरले, शेंगावाल्याच्या गाडीमागे उन्हात उभी राहिले साडी वाळेपर्यंत, आणि समोरून आलेली भावनगरची बस पकडली. घरी सांगितलं, बस बंद पडली.

तेव्हापासून बस नाही, लग्न नाही, नाटक नाही. जागृतीला वाटतं सासू मानी आहे. तुम्हाला वाटलं नणंद मानी आहे. मला ते सोयीचंच होतं. ओली म्हणवून घेण्यापेक्षा मानी म्हणवून घेणं बरं.

तुमच्यावर रजईचा आळ घेतला. चुकले. आणि तुम्ही चार लोकांत माझा ताप सांभाळलात, हे पत्र वाचेपर्यंत मला माहीत नव्हतं.

आमच्या इथे कुंभारवाड्याजवळ एक लेडी डॉक्टर आहे, मेहजबीन नाव. जागृतीची प्रसूती तिनेच केली. मी आधी जाऊन येते. तोवर लालजींना हलवायचं नाही. तुम्हाला माझी शपथ.

सरयू


उमरेठ, २७ डिसेंबर १९९७

सरयूबेन,

जय श्रीकृष्ण. पाण्याच्या बाटलीचं वाचून हसले. हसणंही मला महागात पडतं, तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. मग त्या शेंगावाल्याच्या गाडीमागे तुम्हाला उभं बघितलं, आणि रडले. तुमच्याबद्दल किती काय काय बोलले होते मनात.

तुम्ही डॉक्टरकडे जा. मला मात्र आग्रह करू नका. जशवंत डॉक्टर दर रविवारी आमच्या ओट्यावर तुमच्या भाईंशी कॅरम खेळायचे. त्यांच्यापुढे हे कसं काढू? ते नेमाने विचारतात, गोळी रोज घेता ना? रिकाम्या पोटी घेता ना? मी हो म्हणते. ते रक्ताचा कागद बघून डोकं खाजवतात आणि मोठी गोळी लिहून देतात. आता त्यांच्या डोक्याला आणखी हा भार नको. तीन बाळंतपणं झाली, एकच रोनक हाती लागला, शरीर सैल पडलं. यावर कोण काय करणार?

आणि शरीराचं मला दुःख नाही. मला भीती वेगळीच आहे. हल्ली मला कळायलाही उशीर होतो. सगळंच उशिरा कळतं, दूध उतू गेलेलंही. एखाद्या दिवशी मला कळलंच नाही आणि मी तशीच त्यांना हात लावला तर? बांनी कोणत्या हातांत दिलं होतं त्यांना?

झोप लागत नाही असं नाही, खूप लागते. पण झोपेतही उठून न्हाणीकडे चालत असते.

निरंजना


भावनगर, २९ जानेवारी १९९८

भाभी,

जय श्रीकृष्ण. उत्तरायण झालं, पाहुणे गेले, मग कुठे धीर झाला. जागृतीला बरोबर नेलं. रिक्षात तिला सगळं सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "मम्मी, म्हणून तुम्ही माझ्या भावाच्या लग्नाला आला नाहीत?" मी हो म्हटलं. ती रिक्षावाल्याला म्हणाली, भाई, खड्डे चुकवून चालव.

मेहजबीनबेन चाळिशीची, चष्मेवाली, फार बोलत नाही. माझं ऐकलं, तपासलं, म्हणाली, बाळंतपण आणि वय यांनी खालचे स्नायू ढिले पडतात, त्यांना कामाला लावायचं. लघवी मध्येच रोखून धरतो तसं आवळायचं, धरायचं, सोडायचं. बसल्या जागी, दिवसातून थोडं थोडं, रोज. पाणी तोडायचं नाही, उलट त्याने जास्त जळजळ आणि घाई होते. पोट साफ ठेवायचं. सरळ सोपं. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, महिनोन् महिने नेमाने केलं तर एवढंच.

मग मी तुमचं काढलं. नाव नाही सांगितलं, आमच्या एक भाभी म्हणून सांगितलं. थायरॉईडचं नाव घेताच ती पुढे सरकली. म्हणाली, तो मंद झाला की सगळंच मंद होतं. पोट साफ होत नाही, वजन वाढतं, त्याचा भार खाली येतो, कळायलाही उशीर होतो. दोन्हीची सांगड आहे. गोळी घेतात?

मी म्हटलं, रोज.

"रिकाम्या पोटी?"

"एकदम रिकाम्या. त्या काहीसुद्धा खात नाहीत."

"काहीसुद्धा?"

"प्रसादाशिवाय काही नाही."

तिने पेन थांबवलं. "प्रसादात काय असतं?"

"दूध. केशर घातलेलं. वर बोटभर लोणी."

"आणि गोळी?"

"त्याच्याबरोबरच."

भाभी, त्या बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "बेन, ही गोळी दुधाबरोबर अंगात नीट लागतच नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर तासभर काही नाही. त्यांचे डॉक्टर बिचारे गोळी वाढवतायत आणि दूध ती पळवतंय."

मी म्हटलं, पण त्या काही खोटं बोलल्या नाहीत, प्रसाद म्हणजे काय खाणं का? ती म्हणाली, पोटाला ते माहीत नसतं.

मग मी खरी अडचण सांगितली. ठाकोरजींच्या आधी पाणीही नाही. मला वाटलं, ही मुसलमान बाई, हसेल नाहीतर चिडेल. तिने विचारलं, तुमचे ठाकोरजी झोपतात कधी? मी म्हटलं, संध्याकाळी लवकर, मग भाभी जेवतात. "मग त्यांना झोपू दे," म्हणाली, "भाभींचं जेवण जिरू दे, आणि निजायच्या वेळी गोळी घ्या पाण्याबरोबर. त्यांच्या आधी नको, त्यांच्यानंतर घ्या."

मला सुचलं नसतं भाभी. तुम्हालाही नाही.

एक मात्र बजावलं आहे. आत्ताची गोळी वाढत वाढत मोठी झाली असणार. ती नीट लागू लागली तर कदाचित जास्त होईल. म्हणून जशवंत डॉक्टरांना सांगायचं, आणि दीड-दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. कॅरमचा संकोच गेला चुलीत.

मुखियाजींना आजच्या आज नाही म्हणून कळवा.

सरयू


उमरेठ, ५ फेब्रुवारी १९९८

सरयूबेन,

तुमचं पत्र आज मिळालं. लालजी रविवारी हवेलीत गेले.

तुमची शपथ मोडली. उत्तरायणाच्या दिवशी त्यांना शृंगार करत होते. वर गच्चीत पोरं पतंग कापून "काप्यो छे" म्हणून एकदम ओरडली, थाळी पिटली. मी दचकले. लालजी माझ्या हातात होते. खाली ठेवावं तर हात लावलेलाच होता, धरून ठेवावं तर कशी धरू? तशीच उभी राहिले, पायाशी ओल. मला वाटलं, हे त्यांनीच सांगितलं, की आता बास. मग वसंतपंचमीची वाट बघणं एवढंच उरलं. तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही अडवलं असतं.

मुखियाजींनी विचारलं, "बेन, कारण?" मी म्हटलं, वय. त्यांनी लालजींना आत नेलं. मी त्यांचे कपडे, खेळणी, गाद्या सगळं एका पेटीत दिलं. पेटी कोपऱ्यात सरकवली गेली, तिथे आधीच पुष्कळ पेट्या होत्या.

सोमवारी पहाटे जाग आली. कोणालाच उठवायचं नव्हतं. मी माठाजवळ गेले आणि पेलाभर पाणी प्याले. लग्नानंतर पहिल्यांदा, असं उजाडायच्या आधी. त्याच पाण्याबरोबर गोळी घेतली. दूध नव्हतंच घरात. कोणासाठी घ्यायचं? रोज तसंच चाललंय.

म्हणजे तुमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच मी करते आहे, बघा. ते गेले म्हणून.

निरंजना


भावनगर, १३ फेब्रुवारी १९९८

भाभी,

पत्र वाचून तुमच्यावर इतकी चिडले की जागृतीने मला पाणी आणून दिलं. ते प्याले. सगळं. आता मी पिते.

तुम्ही हुकूम ऐकणार नाही, तेव्हा हुकूम करत नाही. गोळी पाण्याबरोबरच घेत राहा. आवळणं-सोडणं रोज करा, मीही करते, भाजी निवडताना, टीव्हीसमोर. परवा करताना चेहरा बहुतेक वाकडा झाला, नातू म्हणाला, बा, तुला काही दुखतंय?

आणि भाईंची तिथी फाल्गुनात आहे. मी येते आहे.

सरयू


भावनगर, २४ मार्च १९९८

भाभी,

जय श्रीकृष्ण. सुखरूप पोचले. वटामणला बस थांबल्याबरोबर सगळ्यांच्या आधी उतरले, तिथल्या त्या घाणेरड्या संडासात नाकाला पदर लावून जाऊन आले आणि पुन्हा चढले. कंडक्टर म्हणाला, "माजी, घाई करा." मी म्हटलं, तुला तरी कधी म्हातारपण येणार आहे की नाही? सगळी बस हसली. थोडं झालं वाटेत, घडी केलेलं कापड होतं, निभावलं. चोकडीने माझं आणखी काय घ्यायचं राहिलंय?

पण तुमची काळजी घेऊन आले. भाभी, तुम्ही चार दिवसांत पाच मिनिटं एका जागी बसला नाहीत. रिकामं सिंहासन दिवसातून किती वेळा पुसता? चहाचा कप हातात खडखडतो. गालफडं दिसायला लागलीत. रात्री अंगणात फेऱ्या. तुम्ही म्हणालात, छाती धडधडते, लालजी बोलावतायत. बोलावत असतील, मी कोण नाही म्हणणारी? पण मेहजबीनबेनला विचारलं तर ती जवळजवळ ओरडलीच. म्हणाली, गोळी जास्त होतेय, मी सांगितलं होतं. उद्याच्या उद्या रक्त तपासा. तुम्ही जशवंत डॉक्टरांना दुधाचं सांगितलंच नाहीत, हो ना? पेलाभर पाण्याची तुमच्यात हिंमत आली, तोंड उघडण्याची नाही.

आणि दुसरं. हवेलीत दर्शनाला नेलंत तेव्हा मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तिथेच बसकण मारली असती. फळीवर तिसरे बसलेत. अंगावरचा अंगरखा कोणा दुसऱ्याचा, बाह्या हाताखाली लोंबतायत. तुम्ही खांबाला धरून उभ्या होतात आणि मुखियाजी समोरून गेले तरी हूं की चूं नाही.

मी त्यांना परत मागू शकत नाही. मी दिलेले नाहीत.

सरयू


उमरेठ, १ मे १९९८

सरयूबेन,

जय श्रीकृष्ण. उशीर झाला लिहायला. हात रिकामे नव्हते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी जशवंत डॉक्टरांकडे गेले. दूध, केशर, लोणी, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कागदांची चळत उलटी केली, सुलटी केली. म्हणाले, "भाभी, मी दर महिन्याला विचारत होतो." मी म्हटलं, मी दर महिन्याला खरंच सांगत होते. मग ते इतके हसले की कंपाउंडर आत डोकावला. रक्त आणंदला पाठवलं. गोळी बरीच उतरवली. धडधड आठवडाभरात बसली. मग दुसरी गोष्टही सांगितली, ते आधी खिडकीबाहेर बघत होते, मग लिहू लागले. कॅरमचं नाव कोणी काढलं नाही.

आता पहाटे जाग येते ती पूर्ण येते. आवाज परतलाय. झारीइतकी बादली उचलून बघते मुद्दाम, रोज. बहुतेक दिवस निभतं. सगळे दिवस नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही लगेच ढोल वाजवाल.

अखात्रीजच्या दोन दिवस आधी हवेलीत गेले. चौकात बायका मोगऱ्याचे हार करत होत्या, मुखियाणीजी मधोमध. मुखियाजींना म्हटलं, माझे लालजी मला परत हवेत.

ते म्हणाले, "बेन, एकदा दिलेलं स्वरूप परत मागत नाहीत. तुम्हीच म्हणालात, वय झालं. आता काय वय उतरलं?"

मी म्हटलं, "वय नव्हतं. माझी लघवी थांबत नव्हती."

सरयूबेन, हळू बोलायचं ठरवून गेले होते. पण आवाज आलेला आहे ना, तो सगळ्या चौकात गेला. बायकांच्या सुया थांबल्या. मुखियाजी छताकडे बघायला लागले, जणू तिथे पाल आहे. आता तोंड उघडलंच होतं, म्हणून पुढेही सांगितलं, की अजूनही पूर्ण थांबलेली नाही, कधीमधी होईल, झालं की न्हाईन, मग पुढे. चालत असेल तर द्या. चालत नसेल तर माझ्या तोंडावर सांगा, मी पुन्हा येणार नाही.

मग मुखियाणीजींनी मांडीवरची फुलं खाली ठेवली. "तुम्ही काय छताला विचारताय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "इथे हार करायला बसलेल्यांत कोण अशी आहे, जी मधून मधून उठून जात नाही? मी स्वतः कितीदा न्हाते, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"तुम्ही?" मुखियाजी म्हणाले.

"पाणी तुम्हीच तर तापवून देता. मला वाटलं, तुम्ही समजून आहात."

त्यांना काय समजलं होतं देव जाणे. ते आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ते आवळायचं कसं, ते जरा सांगाल? मी तिथेच सांगितलं. सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले, हार मात्र चालू. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी बघायला हवं होतं.

मुखियाजी लालजींना घेऊन आले. पेटी माझी मीच शोधून काढली.

अखात्रीजला चंदन लावून त्यांना घरात बसवलं. रात्री ते निजले, माझं जेवण कधीच झालं होतं, अंगणात बसले, मग पेलाभर पाणी आणि गोळी. त्यांच्यानंतर.

आणि आज सकाळी झारी उचलली आणि व्हायचं ते झालं. मी झारी खाली ठेवली. लालजींच्या दरवाजाशी जाऊन म्हटलं, जरा निजा अजून. न्हाणीत गेले. पाणी चांगलं कढत काढून घेतलं, सावकाश न्हाले, केससुद्धा पुसले. टाळी दिली तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. दूध धरलं, त्यांनी घेतलं.

गल्लीतून धनुबेनने हाक मारली, "निरंजनाबेन, आज इतका उशीर? कडी आत्ता निघतेय?"

मी आतूनच ओरडून सांगितलं, का ते.

निरंजना